गिनी पिगला वाकळ शिवा की!

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

तुमच्या पत्रांच्या सदरात रस्ते, नळाचं पाणी, सीमाप्रश्न, खानापूरची बस, सगळं येतं आणि यायलाच पाहिजे, पण मी आज एका बारक्या गोष्टीवर लिहितेय, हसू नका. गिनी पिगच्या, म्हणजे उंदराच्या कुळातल्या त्या छोट्या पाळीव प्राण्याच्या अंथरुणावर. पोरांच्या हट्टापायी आमच्या ओळखीतल्याच चार घरांत हा प्राणी आलाय आणि चारही घरांत एकच रड, खाली काय घालायचं आणि ते परवडायचं कसं.

आमच्याकडं दोघी आहेत. एक तपकिरी म्हणून कुंदा, दुसरी ठिपक्याठिपक्याची म्हणून करदंट, इकडच्या मिठायांची ही नावं पोरानं ठेवलीत. सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, घरात डुक्कर आणलंय काय गं? आता त्यांना काय सांगायचं, हे डुक्कर पण नव्हे आणि गिनी देशातलं पण नव्हे, मूळचं पार तिकडं दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरातलं. आता त्याच सासूबाई कोथिंबीर निवडताना काड्या बाजूला ठेवतात आणि पिशवीचा आवाज आला की दोघी शिट्ट्या मारतात त्याचं कौतुक शेजारी सांगत बसतात, असो.

तर दुकानात आम्ही जोडी 800 ला घेतली. दुकानदारानं पिंजऱ्यात दोन मुठी लाकडाचा भुसा टाकला आणि दिली हातात. विचारलं, हे संपल्यावर काय घालू, तर रॅकवरचं कागदी बेडिंगचं पाकीट दाखवलं, 700 रुपये, दोघींना जेमतेम तीन आठवडे पुरणारं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरं काय. मी घरी ब्लाऊज शिवते, एका पाकिटासाठी किती ब्लाऊज होतात हा हिशोब माझ्या डोक्यात आपोआप होतो.

म्हणून पहिल्यांदा सगळे करतात तेच केलं, सॉ मिलमधून पोतंभर भुसा आणला, जवळजवळ फुकट. आठ दिवसांत पोरगं म्हणायला लागलं, आई, कुंदा शिंकूलालीय. बघते तर डोळ्याच्या कडेला पाणी. जनावरांच्या दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं की आमच्याकडं म्हशी आणि कुत्री येतात, हे फार येत नाही, पण आधी तो भुसा काढा. काढला, आणि चार दिवसांत शिंका थांबल्या. मग मी वाचत बसले तर कारण कळलं. करवतीचा भुसा म्हणजे पीठच असतं, ते नाकात जातं. आणि मिलमध्ये कुठलं लाकूड कापलंय ते कुणाला माहीत, देवदार किंवा कच्चं पाइन असलं तर त्यातलं वासाचं तेल ह्यांच्या छातीला बाधतं. भट्टीत वाळवलेल्या पाइनमधलं ते तेल बरंचसं उडून गेलेलं असतं म्हणून ते चालतं म्हणतात, पण आपल्या पोत्यावर तसं काय लिहिलेलं नसतं. सुताराकडच्या रंध्याच्या कुरळ्या साली भुशापेक्षा बऱ्या, धूळ कमी, पण सुतार आजकाल निम्मं काम प्लायवूडचं करतोय आणि त्यात गोंद आणि केमिकल, मग ते पण नको म्हणलं.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, कारण सगळं त्यावरच आहे. हा प्राणी मुततो फार. आणि त्या ओल्याचा जो झणझणीत वास येतो तो अमोनिया. आपलं नाक पाच फूट वर, त्यांचं जमिनीपासून बोटभर. आपल्याला उभ्यानं वास आला तर त्यांचं काय होत असेल बघा. मी सकाळी खाली बसून पिंजऱ्यात तोंड घालून वास घेते, नवरा हसतो, हसू दे. दुसरं म्हणजे तळवे. पायाला खाली केस नाहीत, नुसती मऊ कातडी, ओल्यात किंवा जाळीवर राहिली की लाल होऊन जखमा होतात आणि त्या लवकर बऱ्या होत नाहीत. पोपटाचे-सशाचे तळाला तारेची जाळी असलेले पिंजरे विकतात ना, त्यावर तसंच ठेवू नका, खाली काहीतरी मऊ घालाच.

मग रद्दी. तुमचाच पेपर साहेब, रोजचा येतोय, फुकटच म्हणायचा. राग मानू नका, पण नुसता पेपर पाणी फार पीत नाही, वरच ओल राहते, त्यावर पाय घसरतात आणि करदंटच्या पांढऱ्या पोटावर अग्रलेख उमटतो. पण सात-आठ पदर करून सगळ्यात खाली घातला तर झकास, गोळा करून उचलायला सोपं. वर काहीतरी पाहिजे एवढंच. गुळगुळीत रंगीत पुरवण्या तेवढ्या बाजूला ठेवा, त्या काहीच शोषत नाहीत.

आता वर काय, तर इथं माझी शिलाई कामाला आली. शनिवारच्या बाजारात ते मऊ फ्लीसचं (लोकरीसारख्या दिसणाऱ्या कृत्रिम धाग्याच्या कापडाचं) पातळ ब्लँकेट मिळतं, घासाघीस करून 150 ला आणलं आणि त्याचे चार तुकडे केले. फ्लीसची गंमत अशी की ते स्वतः पाणी धरत नाही, खाली सोडतं आणि वरून कोरडं राहतं, सुती कापडाचं उलट, ते भिजून ओलंच बसतं. पण नवीन फ्लीसवर पाण्याचे थेंब मोत्यासारखे उभे राहतात, आत जातच नाहीत, मी तर पहिल्या दिवशी फसले, पैसे गेले म्हणलं. ते गरम पाण्यात तीन-चार वेळा धुवावं लागतं, आणि कपडे मऊ करणारं वासाचं लिक्विड अजिबात घालायचं नाही, त्यानं परत पाणी आत जायचं बंद होतं. खाली शोषायला जुने टर्किश टॉवेल दोन पदर. म्हणजे आपली आजी जुन्या लुगड्यांची वाकळ शिवायची तशीच, फक्त हातभर लांब. कडा मशीनवर दुमडून बंद करायच्या, सुटा धागा ठेवायचा नाही, तो पायाच्या बोटात गुंततो. आमच्या वडगावात मागाकडचा सुताचा गुंता मिळतो, कुणी तो घाला म्हणून सांगितलं होतं, त्याच कारणानं घालू नका. आणि तुमचं जनावर कापड कुरतडून खाणारं असेल तर हा उपाय सोडून द्या.

अशा तीन वाकळा आहेत आमच्याकडं, एक खाली, एक धुण्यात, एक दोरीवर. लेंड्या रोज सकाळी छोट्या झाडूनं काढते (त्या सरळ जास्वंदीच्या कुंडीत), वाकळ तीन दिवसांनी बदलते, जिथं झोपतात त्या कोपऱ्यात फडक्याचा जादा तुकडा तो रोज. धुवायच्या आधी गच्चीवर जोरात झटकायची नाहीतर मशीनभर केस. साबण सोडला तर महिन्याला खर्च असा काहीच नाही.

भाताचं पिंजर (म्हणजे पेंढा) घालू का असं मला दोघींनी विचारलं, कारण इकडं ते मिळतं भरपूर. पिंजर टोचतं, डोळ्यात काडी जायची भीती, आणि पाणी पण फार पीत नाही. भाताचं तूस तर नकोच, टोकदार असतं आणि धूळ. मांजराची ती गोळा होणारी वाळू पण नको, ही खातात आणि पोटात तिचा गोळा होतो. मऊ वाळलेलं गवत मात्र लागतंच, ते अंथरुणापेक्षा खायला, कारण दात आयुष्यभर वाढत राहतात आणि गवत चावूनच झिजतात. म्हणून ते एका कोपऱ्यात वेगळं टांगून द्या, मुतलेलं गवत खायला लावू नका.

अडतं ते आषाढात. बेळगावचा पाऊस तुम्हाला सांगायला नको, दोरीवरची वाकळ चार दिवस दमटच, आणि दमट घातली की कुबट वास आणि पायांना त्रास. तेव्हा मी सरळ रद्दीवर येते, खाली पेपरचे पदर आणि वर झेरॉक्सच्या दुकानातल्या कागदाच्या हातानं फाडलेल्या पट्ट्या, रोज बदलायच्या. काम वाढतं पण भागतं. गवताचं मात्र भागत नाही, बाजारातली पेंडी आतून दमट निघते, उकलली की पांढरी बुरशी, गेल्या श्रावणात तीन पेंड्या टाकून दिल्या.

तर खानापूर किंवा चंदगड बाजूला कुणी पावसाळ्याआधी कापून माळ्यावर कोरडं ठेवलेलं मऊ गवत किलोवर देत असेल, अख्खी गाडी नको, दोन-चार किलो, तर कृपया याच सदरात कळवावं. आम्ही चार घरं मिळून घेऊ.

आपली,
एक शिवणकाम करणारी वाचक,
वडगाव, बेळगाव