चि. अनुग्रहला, सातपुड्याला निघण्याआधी

वेंगुर्ला

चि. अनुग्रह यास,
प्रभूमध्ये अनेक आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं माझ्या बायबलात ठेवली आहेत. पहिलं डिसेंबरचं, सातपुड्याहून परतल्या-परतल्या लिहिलेलं. बारा दिवसांत आठ पाडे केले, ब्लँकेटं वाटली, गाणी म्हटली, किती आनंद झाला! दुसरं परवा आलं. त्यात तू विचारलंयस, ‘आई, आम्ही ब्लँकेटं दिली, फोटो काढले, प्रार्थना केली आणि गाडीत बसलो. तिथल्या एकाही माणसाचं नाव मला आठवत नाही. हे मिशनकार्य झालं का?’

पहिलं पत्र वाचून मला बरं वाटलं होतं. दुसरं वाचून मी गुडघे टेकले आणि देवाचे आभार मानले.

सात वर्षांचा होतास तेव्हा शब्बाथशाळेत तू मिशनऱ्याचं चित्र काढलं होतंस. होडीत उभा टोपीवाला गोरा साहेब, हातात भलंमोठं बायबल. किनाऱ्यावरची माणसं मात्र नुसत्या काड्या, ना नाक ना डोळे. तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं, मीही केलं. आता तू त्या माणसांची नावं विचारायला लागलास.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नव्हती. लग्नाआधी आमच्या तरुण संघातून आम्ही एका वाडीवर सुवार्तेची पत्रकं वाटायला गेलो होतो. मे महिना, पायाखालचा कातळ तापलेला. एक म्हातारी विहिरीच्या काठावर रिकामी कळशी घेऊन बसली होती. मी तिच्या हातात पत्रक दिलं. ती म्हणाली, ‘चेडवा, माका वाचूक येना नाय. वायच कळशी भरून दी.’ माझ्या पिशवीत अजून बरीच पत्रकं होती आणि बाकीचे पुढे गेले होते. ‘येताना भरते,’ म्हटलं. परतीला आम्ही दुसऱ्या वाटेने आलो. बाळा, त्या दिवशी सुवार्ता माझ्या पिशवीत राहिली नाही, त्या रिकाम्या कळशीत राहिली. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायापाशी, ‘मी तान्हेला होतो, तुम्ही मला प्यायला दिलं’ या येशूच्या शब्दांपाशी आले की ती बाई अजून माझ्यासमोर येऊन बसते.

आपल्या या किनाऱ्यावर जे आले, त्यांच्याकडे बघ. स्कॉटिश मिशनचे डोनाल्ड मिचेल १८२३ मध्ये बाणकोटला आले आणि त्याच वर्षी वारले. कामाला जेमतेम हात लावला एवढंच. जॉन विल्सन आणि मार्गारेटबाई १८२९ मध्ये मुंबईला उतरले, पण आधी बाणकोट-हर्णैला जाऊन मराठी शिकले. विल्सन कॉलेज, मार्गारेटबाईंच्या मुलींच्या शाळा, हे सगळं त्यानंतरचं. बाईंना तर १८३५ पर्यंतचंच आयुष्य मिळालं. त्यातलेही सुरुवातीचे महिने त्यांनी भाषेला दिले. मला हे फार मोठं वाटतं. सांगायला आलेल्या माणसाने आधी गप्प बसून ऐकायचं, चुकत बोलायचं, पोरांनी हसलेलं सोसायचं.

आणि आपल्या वेंगुर्ल्याचे अमेरिकन मिशनचे डॉ. गोहीन! त्यांचा मुलगा रॉबर्ट १९१९ मध्ये इथेच जन्मला; पुढे अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला. पोरंबाळं घेऊन ते कुटुंब इथल्या पावसात, इथल्या तापात राहिलं.

पण गोऱ्या साहेबांपाशीच थांबू नकोस. रेव्हरंड ना. वा. टिळक आपल्या कोकणातल्या करजगावचे. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्त अभंगांतून, कीर्तनातून गायला. पुढे १९१७ मध्ये मिशनची नोकरीसुद्धा सोडली. आपण आजही उपासनेत त्यांची भजनं म्हणतो आणि शेजारच्या काकूंना ती पडवीतून ऐकताना परकी वाटत नाहीत.

आता तू म्हणतोस, त्याच पाड्यांजवळच्या वसतिगृहात दोन वर्षं मुलांना शिकवायला जायचंय. पप्पा नोकरीच्या काळजीत आहेत. त्यांच्यावर रागावू नकोस, त्यांनी होडीचं कर्ज फेडत तुला शिकवलंय. फोनवर सांगू नकोस, समोर बसून सांग. माझा होकार आहे. फक्त एक वचन दे: औषधाला, पुस्तकाला, भाताच्या ताटाला कधीही अट बांधायची नाही. ज्याला प्रार्थना नको, त्याच्या पोराची वहीही तेवढ्याच मायेने तपासायची. कुणी विचारलं तर मात्र ख्रिस्ताचं नाव सांगायला लाजू नकोस.

आणि हो, दुभाष्यावर राहू नकोस. पावरी, तिथल्या लोकांची बोली, शिक. पाणी, भूक, ताप, भीती, आईला काय म्हणतात, हे आधी विचार.

इथे अगोटीची, पावसाळ्याच्या बेगमीची घाई आहे. कोळंबीचा सुका सोडा भरून झाला, आमसुलं अजून उन्हात आहेत. मिरगाच्या आधी चार दिवस ये, नंतर गाड्यांचं खरं नाही. तुझ्यासाठी जाड पुठ्ठ्याची वही आणून ठेवली आहे, शब्द लिहायला. पहिलं पान भरलं की मला पाठव. मीही पाठ करीन.

तुझी,
आई