डोंगरावरचे गवत पडीक नव्हे

पावसाळा आला की ‘उघडे डोंगर हिरवे करा’ अशा हाका नागपुरातही सुरू होतात. झाडे जरूर लावावीत, पण गवताळ माळ म्हणजे रिकामी जागा नव्हे. केरळचे एराविकुलम राष्ट्रीय उद्यान बघा. ९७ चौ. किमी. क्षेत्र, त्यात समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरवर मूळचेच गवताळ पठार. झाडी (तिला तिकडे शोला म्हणतात) फक्त घळींमध्ये. दिवाळीच्या सुटीत या उद्यानातल्या राजमलाईला गेलो, तेव्हा पाऊस कधीचाच थांबला होता, तरी गवताच्या मुळांतून पाणी झिरपत होते आणि वाटेच्या कडेलाच निलगिरी ताहर (रानबकऱ्यासारखा प्राणी) निवांत चरत होता. हेच पाणी खाली ओढ्या-नद्यांना मिळते. तमिळनाडूतल्या निलगिरी पर्वतात अशाच गवतावर इंग्रजांनी ऑस्ट्रेलियातून आणलेले वॅटल (बाभळीच्या जातकुळीचे झाड) लावले. ते इतके पसरले, की आता काढता काढता नाकी नऊ येत आहेत.

आपल्याकडे गवताळ जमिनींची नोंद अजूनही ‘पडीक’ अशीच होते. वरोरा-भद्रावतीकडचा माळढोक पक्षी अशाच माळांवर जगत आला, हे विदर्भाने तरी विसरू नये. वृक्षलागवडीची जागा ठरवण्याआधी तिथल्या गवताची पाहणी वनस्पतीतज्ज्ञांकडून करून घेणे वन विभागाने बंधनकारक करावे.

– एक निसर्गप्रेमी वाचक, धरमपेठ, नागपूर