पन्नास चौरस मीटरच्या चौकटीपाशी शेतकरी हजर हवा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

‘राज्यात सोयाबीनचे अमुक लाख टन उत्पादन’ अशी बातमी येते, तेव्हा हा आकडा कुठून आला याची फारशी कुणी चौकशी करत नाही. आता ती करायलाच हवी. खरीप 2025 पासून राज्यात पीक विम्याची भरपाई पीक कापणी प्रयोगात, म्हणजे निवडलेल्या शेतात ठरावीक मापाची चौकट आखून तेवढेच पीक कापून तोलल्यावर, निघणाऱ्या उत्पादनावर ठरते. स्थानिक आपत्ती, काढणीपश्चात नुकसान हे भरपाईचे वेगळे आधार तेव्हा वगळले गेले. सोयाबीन, भातासारख्या काही पिकांत उपग्रहाच्या अंदाजालाही भार दिलेला आहे, पण तो अंदाज बरोबर की चूक हेसुद्धा शेवटी कापणीच्या आकड्याशीच ताडून पाहावे लागते.

एकूण उत्पादन म्हणजे पिकाखालचे क्षेत्र गुणिले हेक्टरी उत्पादन. क्षेत्राची नोंद सातबाराच्या गाव नमुना 12 मध्ये होते, नमुना 11 मध्ये गावाचा पीकवार गोषवारा निघतो आणि तो तालुका, जिल्हा असा वर जातो. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणीमुळे ही नोंद शेतकरी स्वतः मोबाइलवरून करू शकतो. इथली नेहमीची चूक आंतरपिकाची. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी असताना ‘निर्भेळ पीक’ निवडले की तूर कागदावरून नाहीशी होते आणि सोयाबीनचे क्षेत्र फुगते. मुदतीच्या शेवटच्या दोन दिवसांत उरकलेल्या नोंदींत हे हमखास घडते.

खरी मेख मात्र हेक्टरी उत्पादनात आहे. महसूल मंडळ, म्हणजे तालुक्यातला काही गावांचा गट, हा विम्याचा घटक असेल तर एका पिकाचे किमान 10 प्रयोग घ्यावे लागतात. ते महसूल, कृषी आणि ग्रामविकास या तीन खात्यांचे गावपातळीवरचे कर्मचारी वाटून घेतात. गाव, गट क्रमांक आणि शेतातली जागा हे तिन्ही यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे आकड्यांच्या तक्त्यावरून किंवा ॲपवरून ठरते. ‘हे शेत बरे दिसते’ म्हणून निवडायची मुभा कुणालाच नाही.

शेतात काय होते ते पाहा. बहुतेक पिकांना चौकट 10 बाय 5 मीटरची. समजा शेत 80 मीटर लांब आणि 40 मीटर रुंद आहे. नैर्ऋत्येचा कोपरा हा आरंभबिंदू. लांबीतून 10 आणि रुंदीतून 5 वजा केले की 70 आणि 35 उरतात. या मर्यादेतली यादृच्छिक जोडी, समजा 42 आणि 17, घेऊन तेवढे मीटर आत जायचे आणि पहिली खुंटी ठोकायची. चारही खुंट्या झाल्या की कर्ण मापायचे. दोन्ही सारखे, म्हणजे सुमारे 11.18 मीटर, भरले तरच कोपरे काटकोनात आहेत. मग सुतळी ताणून जमिनीलगत आणायची. ज्या झाडाचे मूळ सुतळीच्या आत ते घ्यायचे, फांदी कुठेही झुको. आतले पीक कापून, मळून, उफणून स्वच्छ दाणा तोलायचा.

चौकट 50 चौरस मीटरची, म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग. 5 किलो 400 ग्रॅम सोयाबीन निघाले तर हेक्टरी 1080 किलो. काट्यावर 100 ग्रॅमची चूक म्हणजे हेक्टरी 20 किलोंची. मापात चूक होऊन चौकट चारही बाजूंनी फक्त 10 सेंटिमीटर बाहेर सरकली तर ती 10.2 बाय 5.2 होते, क्षेत्र 53 चौरस मीटरवर जाते आणि उत्पादन 6 टक्के जास्त दिसते. उंबरठा उत्पादन (ज्याच्या खाली उत्पादन गेले की भरपाई मिळते ती मर्यादा) 1000 किलो आणि खरे उत्पादन 900 किलो असेल, तर भरपाई विमा संरक्षित रकमेच्या 10 टक्के बसायला हवी. मंडळातल्या सगळ्या प्रयोगांत ही 6 टक्क्यांची चूक शिरली तर उत्पादन 954 दिसते आणि भरपाई 4.6 टक्क्यांवर येते. सुतळी वीतभरही हललेली नसते, आणि मंडळातल्या प्रत्येक विमाधारकाची निम्म्याहून अधिक भरपाई गेलेली असते.

चौकट जितकी लहान तितकी काठावरच्या झाडांची चूक मोठी, हे मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी 1940 च्या दशकातच प्रयोगांनी दाखवून दिले होते. मोजणारा हात संशयाचे झाड आत ओढतो, म्हणून लहान चौकटीत उत्पादन फुगते. आपण मोठी चौकट वापरतो ती उगाच नाही.

ओलाव्याचेही तेच. परतीच्या पावसात भिजलेले सोयाबीन 18 टक्के ओलाव्याला तोलले आणि तसेच लिहिले, तर 12 टक्क्यांच्या हिशेबाने 5 किलो 30 ग्रॅम भरणारा माल 5 किलो 400 ग्रॅम दिसतो. म्हणून नमुना वाळवून पुन्हा तोलणे गरजेचे असते, आणि नेमका हाच टप्पा गाळला जातो. कापसात वेगळी अडचण. एकाच चौकटीतल्या सगळ्या वेचण्यांची बेरीज हवी, म्हणून खुंट्या शेवटच्या वेचणीपर्यंत जागेवर राहिल्या पाहिजेत. मधेच कुणी अनवधानाने ती जागा वेचली की प्रयोग बाद. आणि कर्मचारी पोहोचण्याआधीच शेत काढून झाले असेल, तर शेजारचे सोयीचे शेत घेण्याचा किंवा अंदाजाने आकडा भरण्याचा मोह होतो. एका कर्मचाऱ्याकडे आठवड्यात किती प्रयोग सोपवले जातात हे पाहिले तर दोष एकट्या त्याचा नाही हे कळते.

आमच्या मागण्या साध्या आहेत. निवडलेले गट क्रमांक आणि कापणीची तारीख किमान चार दिवस आधी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. काटा प्रमाणित वजनाने तिथेच तपासावा. ओले वजन, वाळलेले वजन आणि कर्णाचे माप तक्त्यात लिहून त्याची प्रत शेतकऱ्याला त्याच दिवशी द्यावी. मंडळाची सरासरी जाहीर करताना सगळ्या प्रयोगांचे आकडे सुटे सुटे द्यावेत, म्हणजे एखादा विचित्र आकडा सरासरीत लपणार नाही. विमा कंपनीचा प्रतिनिधी कापणीला हजर राहू शकतो. मग गावातले दोन शेतकरीही टेप आणि वही घेऊन तिथे उभे राहिले पाहिजेत. सोयाबीनची काढणी सुरू झाली की ही संधी जेमतेम दोन-तीन आठवड्यांची असते.

आपले,
कृषी सांख्यिकीत काम केलेले काही निवृत्त कर्मचारी, पुणे