टोनी मेला की नाही ते नंतर, आधी गाणं ऐका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मालिकांच्या शेवटांवर पत्रं येत असतात आणि त्यात 'द सोप्रानोज' या अमेरिकन माफिया मालिकेचं नाव निघालं की सगळे एकाच प्रश्नावर येऊन अडकतात, टोळीचा म्होरक्या टोनी मेला का वाचला. 10 जून 2007 ला शेवटचा भाग लागला तेव्हापासून हेच चालू आहे. मला कोणाशी वाद घालायचा नाहीये, पण त्या शेवटच्या काही मिनिटांत एक अख्खं गाणं वाजत असतं आणि त्याबद्दल कोणी धड बोलतच नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून लिहितेय.

सीन तसा साधाच आहे. न्यू जर्सीतलं एक छोटं रेस्टॉरंट, टोनी एकटाच येऊन बसतो, टेबलावरच छोटा ज्यूकबॉक्स आहे, तो त्याची पानं उलटत बसतो आणि नाणं टाकून जर्नी बँडचं 'डोंट स्टॉप बिलीव्हिन' लावतो. 1981 चं गाणं, रेडिओवर हजार वेळा वाजलेलं, जाणकार मंडळी ज्याला नाक मुरडतात तसलं. दाराला घंटी आहे, ती वाजली की टोनी मान वर करून बघतो, एकदा बायको येते, मग मुलगा येतो, त्याच्या पुढेच एक अनोळखी माणूस आत येतो आणि काउंटरला बसतो. बाहेर मुलगी गाडी लावतेय, नीट लागत नाही, परत मागे घेते, परत लावते. अनोळखी माणूस उठून टॉयलेटमध्ये जातो. कांद्याच्या रिंग्ज येतात. मुलगी धावत येते, घंटी वाजते, टोनी वर बघतो आणि स्क्रीन काळी. गाणं 'स्टॉप' शब्दावर तुटतं, नंतर दहा-एक सेकंद काहीच नाही आणि नावंसुद्धा आवाजाशिवाय वर सरकतात.

त्या रात्री अमेरिकेत कितीतरी लोकांना वाटलं की केबलच गेली. राग आलाच असणार, 86 भाग बघितल्यावर माणसाला उत्तर हवं असतं, मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण ही मालिका सुरुवातीपासून बघणाऱ्यांना आठवेल की हिच्यात मुद्दाम बनवलेलं पार्श्वसंगीत नाहीच, आता घाबरा, आता रडा असं सांगणारी व्हायोलिन नाहीत, जे वाजतं ते गाडीतल्या रेडिओवर, बारमध्ये, नाहीतर कोणाच्यातरी घरात वाजणारी लोकांची गाणी, आणि जवळजवळ प्रत्येक भाग संपला की नावांवर एक नवीन गाणं यायचं. त्या गाण्याची सवय लागलेल्या माणसाला शेवटी नुसती शांतता देणं म्हणजे काय ते मालिकेचा निर्माता डेव्हिड चेसला पक्कं माहीत होतं. त्यानेच तो भाग लिहिला आणि दिग्दर्शित केला.

माझा धाकटा भाऊ म्हणतो टोनी मेलाच, आणि त्याचा पुरावा चांगला आहे हे मला मान्य आहे. त्याच सीझनमध्ये तळ्यावर बोटीत बसलेला त्याचा मेव्हणा बॉबी टोनीला म्हणतो की ते होतं तेव्हा, म्हणजे मरण येतं तेव्हा, बहुतेक ऐकूसुद्धा येत नाही. पण बघा ना, हा पुरावासुद्धा कानाचाच आहे! म्हणून मला वाटतं की हा शेवट डोळ्यांनी सोडवायचं कोडं नाहीये. इतकी माणसं मारलेला, मारायला लावलेला हा माणूस शेवटी निवडतो काय तर आशेवर राहा म्हणणारं एक साधं गाणं. मुलगा त्याला म्हणतो, चांगले क्षण लक्षात ठेव असं तूच एकदा म्हणाला होतास ना, आणि टोनीला ते आठवतसुद्धा नाही. पहिल्या सीझनच्या शेवटी बाहेर वादळ चालू असताना रेस्टॉरंटमध्ये बसून त्यानेच घरच्यांना हे सांगितलं होतं. माझ्या तर इथेच डोळ्यात पाणी येतं, काळ्या स्क्रीनपर्यंत जावंच लागत नाही. जर्नीचा गायक स्टीव्ह पेरीने परवानगी द्यायच्या आधी विचारून घेतलं होतं म्हणे की माझ्या गाण्यावर खूनखराबा तर दाखवणार नाही ना. गाण्याची काळजी असलेला माणूस हेच विचारणार.

'ब्रेकिंग बॅड' या दुसऱ्या अमेरिकन मालिकेचा शेवट (29 सप्टेंबर 2013) लोकांना जास्त आवडतो कारण तिथे सगळं मिटतं. बॅडफिंगर बँडचं 'बेबी ब्लू' लागतं, ड्रग बनवणारा वॉल्टर प्रयोगशाळेतल्या यंत्रांवरून हात फिरवतो आणि ते प्रेमगीत त्याने बनवलेल्या निळ्या मालासाठीच आहे हे लगेच कळतं. सुंदरच आहे ते, पण गाणं तिथे उत्तर देऊन मोकळं होतं. टोनीचं गाणं अर्धवट राहिलं म्हणून मी आजही ते कुठे लागलं की हातातलं काम सोडून पूर्ण ऐकते.

तेव्हा तुमच्या पुरवणीत पुढच्या वेळी कोणी या शेवटावर लिहिणार असेल तर त्यांना माझी एवढी विनंती पोचवा, एकदा स्क्रीनकडे पाठ करून तो सीन ऐका आणि घंटी किती वेळा वाजते ते मोजा.

आपली,
एक नियमित वाचक