तांबटाला गिऱ्हाईक दे

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय पक्या,

सप्रेम नमस्कार.

तुझा मेसेज वाचला. फोनवरच उत्तर देणार होतो, पण विषय जिव्हाळ्याचा निघाला, म्हणून निवांत लिहायला बसलो. तुझ्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या, म्हणजे फासे टाकत गोष्ट रंगवायच्या खेळाच्या, टेबलावरचा नवा खेळाडू ड्वार्फ (बुटक्या जमातीचा) तांबट हे पात्र घेऊन आलाय आणि विचारतोय, "गावात महिनाभर मुक्काम आहे, तर धंदा करून मी किती कमावेन?" बाकीचे कंटाळतील म्हणून तू एक फासा टाकून आकडा सांगून मोकळा व्हायचं म्हणतोस. पक्या, तसं करू नकोस. पैशाच्या निमित्ताने तो पोरगा तुझ्या जगात घर मागतोय. डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, यापेक्षा मोठी शाबासकी कुठली असणार?

आधी नियमांचं बघू, कारण तू पुस्तकात शोधून वैतागलेला दिसतोस. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४च्या प्लेयर्स हँडबुकात धंदा केला तर रोख काहीच मिळत नाही. साध्या राहणीचा रोजचा एका सोन्याच्या नाण्याचा खर्च सुटतो, बस. गिल्डचा सभासद असेल तर जरा सुखाची राहणी, आणि गाण्या-वाजवण्यात प्रॉफिशियन्सी (प्रावीण्य) असलेल्या कलावंताला श्रीमंती थाट, म्हणजे दिवसाला चार सोन्याचा. आधीच्या ३.५ आवृत्तीत फासा आणि कौशल्य मिळून जो आकडा येईल त्याच्या निम्मं सोनं आठवड्याला मिळायचं, वीस आले तर दहा. पाथफाइंडर या तशाच दुसऱ्या खेळाच्या २०१९च्या आवृत्तीत पहिल्या लेव्हलच्या कारागिराला काम जमलं तर दिवसाला दोन चांदीची नाणी, नाही जमलं तर दोन तांब्याची.

आता यातलं काहीही घे आणि खजिन्याशी ताडून बघ. २०१४च्याच डीएम गाइडमधल्या तक्त्यात शून्य ते चार चॅलेंजच्या (राक्षस किती अवघड त्याच्या) एका खजिन्यातल्या नाण्यांची सरासरी काढली, तर २१०० तांब्याची, १०५० चांदीची आणि ७० सोन्याची येतात. मिळून किंमत १९६ सोन्याची. एका गुहेत सहा महिन्यांच्या साध्या राहणीची सोय झाली! रोज आठ तास ठोकठोक करणारा तांबट या आकड्याला कधीच गाठणार नाही, आणि त्याने गाठावं असा हट्ट तूही धरू नकोस. दर वाढवून दिलेस तर उद्या चौघंही दुकान टाकून बसतील आणि ड्रॅगन बिचारा वाट बघत राहील.

पण याच खजिन्यात तुझ्या तांबटासाठी एक मजा दडलीय. खेळात पन्नास नाण्यांचं वजन एक पाउंड, म्हणजे नाणं साधारण नऊ ग्रॅमचं. वरची सगळी नाणी मिळून ३२२०, वजन एकोणतीस किलोच्या आसपास. त्यातलं एकोणीस किलो नुसतं तांबं! बाकीचे खेळाडू ते ओझं तिथेच टाकून निघतात. आता व्यापारी मालाचा तक्ता बघ: एक पाउंड तांब्याची किंमत पाच चांदी, आणि पन्नास तांब्याच्या नाण्यांची किंमतही पाच चांदीच. म्हणजे नाणं वितळवलं तरी एक दमडी बुडत नाही. दुसऱ्यांना जे ओझं, तो तांबटाचा कच्चा माल. हे त्या पोराला सांगू नकोस, त्याचं त्याला सापडू दे. सापडेल तेव्हा त्याचा चेहरा बघ.

इथे एक मेख आहे आणि मला खरं तर त्याबद्दलच लिहायचंय. २०१४च्या नियमाप्रमाणे कच्चा माल वस्तूच्या निम्म्या किमतीचा लागतो आणि दिवसाला पाच सोन्याचं काम पुढे सरकतं. एकवीस सोन्याचं तांबं घेतलं तर बेचाळीसची भांडी, नऊ दिवसांत तयार. पण बाजारात नेऊन विकली तर निम्मेच मिळतात, पुन्हा एकवीस! नऊ दिवस राबून पदरात काय, तर जेवणखाण. खेळाडू यावर चिडतात, नियम खुळचट आहे म्हणतात. मला तो नियम फार आवडतो. अनोळखी बाजारात माल ओतला तर हात रिकामेच राहतात. कमाई होते ती कुणीतरी नाव घेऊन शोधत आल्यावर, ऑर्डर दिल्यावर. तेव्हा पूर्ण किंमत दे, खुशाल दे. पण ते गिऱ्हाईक तू उभं करायचंस: नाव असलेलं, घासाघीस करणारं, उधारी ठेवणारं.

परवा जुन्या नाशकात भांडी बाजाराकडे गेलो होतो, तिथे एकाने कल्हई लावताना बघितलं. पातेलं भट्टीवर तापवलं, आत नवसागराची पूड टाकली तसा पांढरा धूर उसळला, मग कथील टेकवून कापसाच्या बोळ्याने असं भराभर फिरवलं की बघता बघता आतून सगळं पांढरं चकचकीत झालं. ही कल्हई काही महिन्यांनी उडते आणि गिऱ्हाईक परत येतं. डीएमसाठी याहून सोयीचा धंदा नाही, पक्या. तांबट राजवाड्याच्या मुदपाकखान्यात शिरतो, पहारेकऱ्याला ओलांडून, तलवार न उपसता.

आमच्या टेबलावर माझी मावसबहीण असाच एक तांबट खेळते. मी एका गढीत जेवणातून विषबाधा झाल्याची बातमी सोडली. आचाऱ्याला फाशी होणार होती. जादूगार विषाचा मंत्र शोधत बसला, चोर आचाऱ्याची खोली उचकत होता, आणि ही म्हणाली, "मला आधी कढीचं पातेलं दाखवा." तळाची कल्हई उडालेली, आंबट कढी रात्रभर उघड्या तांब्यात! आचारी सुटला. त्या महिन्यात तिला रोख फार मिळालं नाही, पण गढीतली सगळी भांडी तिच्याकडे यायला लागली आणि आचारी दर वेळी आतली खबर द्यायला लागला. पुढचं निम्मं कॅम्पेन (सलग चालणारी गोष्ट) त्या खबरींवर चाललंय.

कामाची जागाही बघ. पाथफाइंडरमध्ये हे छान बांधलंय: खेड्यात शून्य-एक लेव्हलचं काम मिळतं, गावात दोन ते चार, शहरात पाच ते सात. यात आपल्याकडचं थोडं मिसळ. खेड्यात नाणं देऊच नकोस. आपल्या लोहार-सुताराला सुगीच्या वेळी खळ्यावर धान्य मिळायचं, तसं वर्षाचं धान्य, झोपायला ओसरी आणि अडीनडीला गाव पाठीशी, ही तिथली कमाई. बलुत्यामागे जातीची जी सक्ती होती ती मात्र आपल्या टेबलावर आणायची नाही, याबाबत मी कडक आहे. आणि शहरात एखादी जत्रा ठेव. सिंहस्थात आपल्याकडे काय उलथापालथ होते ते २०१५ला आपण दोघांनी मिळूनच बघितलं. महिनाभर कामाला तोटा नाही, दर चढे, आणि जत्रा उठली की शुकशुकाट. त्या महिन्यात त्याला दोन लेव्हल वरचं काम दे.

वेळेची चिंता करू नकोस. फासा एकच टाकू दे, हिशेब सेशनच्या आधी फोनवर उरक. टेबलावर फक्त एक गिऱ्हाईक आण, पाच मिनिटांचं. बाकीचे कंटाळत नाहीत, उलट त्यांचीही जीभ सुटते. माझ्याकडचा लढवय्या आता घोड्यांना नाल मारतो, कुणी सांगितलेलं नसताना.

तर रविवारच्या सेशनआधी मला दोनच गोष्टी कळव: तांबटाकडे पहिली ऑर्डर कोण घेऊन येतंय, आणि त्याच्याकडे पैसे आहेत का. नसले तर उत्तम. मग तो बदल्यात काय देतो ते आपण मिळून ठरवू, मी रात्री जागाच असतो.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
सम्या