हॅम्बुर्गहून आई-बाबांना

ती. आई-बाबांस सा. न.

मी व्यवस्थित आहे, जेवते, सर्दीही गेली. परवा फोनवर आवाज विचित्र येत होता तो वाऱ्यामुळे. मी तेव्हा एल्बे नदीत बोटीवर होते. एकटी नव्हते गं आई, ऑफिसातल्या दोघी होत्या. शनिवारी दिवसभर शहर दाखवणारी सहल घेतली. आणि बाबा, उधळपट्टी नाही. गाईड आणि बोट सोडली तर बाकीचं जवळजवळ फुकटच होतं.

समुद्र इथून शंभर किलोमीटर लांब, तरी नदीला भरती-ओहोटी येते, पाणी चांगलं तीन मीटरहून जास्त चढतं-उतरतं. श्पायशरश्टाट नावाची लाल विटांची जुनी गोदामं आहेत, १८८३पासून बांधायला घेतलेली. त्यांच्यामधल्या कालव्यांत बोट शिरते ती पाणी बघूनच. कॉफी, चहा, मसाले, गालिचे ठेवायला ती बांधली आणि त्यासाठी तिथल्या हजारो माणसांना घरातून उठवलं. (बिल्डरने भाडं दिलं होतं का, हे विचारायचं राहिलं.) मग १९११ सालचा बोगदा. नदीच्या तळाखालून सव्वाचारशे मीटर चालत गेलो. भिंतीवरच्या चकचकीत फरशांवर मासे, खेकडे तर आहेतच, पण चक्क उंदीरही कोरलेत! आणि नाही, आत गुदमरत नाही.

आजीला मात्र एक नक्की सांगा. १९६२च्या फेब्रुवारीत वादळाने समुद्राचं पाणी नदीतून वर ढकललं, बांध फुटले आणि या शहरात ३१५ माणसं गेली. म्हणजे आपल्या पानशेतच्या पुरानंतर सातच महिन्यांनी. गाईड सांगत होता आणि मला नारायण पेठेतला तो जिना दिसत होता, आजी जिथे पाण्याची पायरी दाखवायची.

बाकी ऑफिस-घर तुम्हाला माहीतच आहे. पण आई, बाटल्यांचं सांगायलाच हवं, कारण व्हिडिओ कॉलवर स्वयंपाकघरात रिकाम्या बाटल्यांची पिशवी बघून तू 'हे काय, कचरा साठवतेस?' म्हणालीस. तो कचरा नाही. इथे पाण्याची प्लास्टिकची बाटली घेतली की वर पंचवीस सेंट डिपॉझिट लागतं, म्हणजे आपले वीस-पंचवीस रुपये. बाटली परत केली की ते मिळतात. दुकानात मशीन असतं, भोकात बाटली आडवी ठेवायची, ते ती गरागरा फिरवून बारकोड वाचतं आणि आत ओढतं. बाटली चेपलेली असली की मशीन ती परत बाहेर ढकलतं. शेवटी बटण दाबलं की चिठ्ठी येते, ती काउंटरवर दिली की बिलातून पैसे वजा. काचेच्या बिअरच्या बाटलीला आठच सेंट. (मैत्रिणींच्या असतात त्या, लगेच विचारू नका.) लोक बाटल्या कचऱ्याच्या डब्यात टाकत नाहीत, शेजारी उभ्या करून ठेवतात. गोळा करणाऱ्याला डब्यात हात घालायला लागू नये म्हणून. आपला रद्दीवाला इतका हिशेबी नव्हता.

आता कामाचं. मावशीने पाठवलेला बायोडाटा वाचला. मुलगा बरा दिसतो. नाही म्हटलेलं नाही, मार्चपर्यंत थांबा एवढंच म्हणतेय, तोवर इथला माझा करार पक्का होईल. तिला तुम्हीच सांगा, माझा फोन झाला की ती तुम्हाला दोनदा करते.

सोसायटीच्या नव्या फ्लॅटमधल्या जादा कार्पेट एरियासाठी दोन लाख पाठवलेत. उरलेले बिल्डरचा करार वाचून झाल्यावरच, आणि सही करायच्या आधी दादाला दाखवा.

बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळी दादा रजा घेतोय हे कळलं. वहिनीला थेंबांचा तक्ता करून पाठवलाय, फ्रिजवर लावा. बाबा, डोळा चोळायचा नाही. दिवाळीचं अजून काही पक्कं सांगत नाही, सुट्ट्या कशा मिळतात बघते. फराळ मात्र पाठवू नका, कुरिअरला चकल्यांपेक्षा जास्त पडतात.

आजीला नमस्कार.

तुमची,
मनू

ता. क. खात्यात दोनऐवजी अडीच दिसतील. वरचे पन्नास दिवाळीच्या तिकिटासाठी बाजूला ठेवले होते. ऑपरेशननंतर बाबांना चष्मा चांगला घ्या, मागच्यासारखा स्वस्तातला नको.