चार दिवस केलं काय?

पंचवटी, नाशिक
25 मे

प्रिय बंड्या,

तुझं पत्र आम्ही डहाणूजवळच्या बोर्डीला निघालो त्याच्या आदल्या संध्याकाळी आलं, म्हणून उत्तराला उशीर झाला. रागावू नकोस. आणि तू विचारलंयस तरी काय, तर ‘चार दिवस समुद्रावर करता काय? पहिल्या दिवशी पाणी बघून होतं, दुसऱ्या दिवशी तेच पाणी!’ खरं सांगू, निघताना मलाही हीच धास्ती होती. म्हणून मी यादी केली होती. अस्वली धरण, बहरोटच्या लेण्या, संजाण, उदवाडा, सगळं तारीखवार. ही म्हणाली, ‘शाळेचं वेळापत्रक लावताय का?’ त्या यादीतलं एकही ठिकाण झालं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

निघालो पहाटे पाचला. दादा-वहिनी आणि पुतणी एका गाडीत, आम्ही चौघं आणि आई दुसरीत. आईचा जीव गच्चीवरच्या कुरडयांत अडकलेला. शेजारच्या काकूंना तीनदा बजावून झालं, तरी त्र्यंबकपर्यंत तेच चाललं होतं. रस्ता आपलाच, त्र्यंबक, तोरंगण घाट, मोखाडा, जव्हार. तुझ्या सायकलची चेन जिथे तुटली होती ते वळण मी मुलांना दाखवलं. ते तिथे नव्हतंच असं दादाचं म्हणणं आहे. मोखाड्याच्या आसपास सकाळी सातलाच बाया डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन चाललेल्या. वैतरणेचं पाणी धरणांत अडवून मुंबईला जातं आणि ज्यांच्या शिवारातून ती वाहते त्यांच्या डोक्यावर मे महिन्यात हंडे. गाडीत थोडा वेळ कुणी बोललं नाही.

नदीवरून आठवलं. ब्रह्मगिरी दिसला तसा धाकट्याने विचारलं, ‘म्हणजे आपली गंगा पण त्याच समुद्राला मिळते ना?’ गंगा म्हणजे आपली गोदावरी. म्हटलं, नाही रे बाबा. ती इथे उगवते, हा समुद्र इथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरसुद्धा नाही, पण ती त्याच्याकडे पाठ करून निघते आणि 1465 किलोमीटर चालून पार बंगालच्या उपसागराला मिळते. वैतरणा त्याच डोंगरांतली, ती मात्र पश्चिमेला उतरते. पठ्ठ्याने विचार केला आणि म्हणाला, ‘मग गंगा चुकलीच की.’ आईने त्याला तिथल्या तिथे हात जोडायला लावले.

मुक्कामाचं थोडक्यात सांगतो, कारण आठवलं की अजून चिडचिड होते. मोबाईलवरच्या फोटोत खोलीच्या खिडकीतून समुद्र होता. प्रत्यक्षात खिडकीतून चिकूची वाडी, आणि समुद्र त्या वाडीतून दहा मिनिटं चालून. मी भांडायच्या तयारीत होतो, पण आई तोवर झाडाखाली खाट ओढून बसली होती. ‘इथे गार आहे’ म्हणाली. झालं, विषय संपला. आणि होतंच रे गार! नाशकात चाळिशीचा पारा, आणि इथे दुपारी बाराला त्या दाट पानांखाली उन्हाचा कवडसा शोधावा लागतो. या घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालंय. वाडी राखणारे काका लांब काठीच्या जाळीत चिकू उतरवायचे आणि मुलं खाली पाटी धरून उभी. झाडावरचा चिकू लगेच खाता येत नाही, चिकाने तोंड चिकटतं, हे धाकट्याला सांगून पटलं नाही. पटवून घेतलं त्याने. अर्धा तास ओठ पुसत बसला होता.

त्या काकांनी पहिल्याच दिवशी एक हिशेब शिकवला, आणि पुढचे चार दिवस आम्ही त्या हिशेबावर जगलो. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर तीन वाजता. रोज पाऊण तास पुढे. थोडं मागेपुढे होतं, पण बहुतेक जमतं. बोर्डीचा किनारा इतका सपाट आहे की ओहोटीला पाणी कुठच्या कुठे जातं. सकाळी नऊला गेलं तर समोर नुसती ओली, काळपट, टणक वाळू, आणि समुद्र म्हणजे लांबवर एक पांढरी रेघ. चालत जायचं त्याच्याकडे. दुपारी तोच सुरूच्या बनाशी येऊन उभा.

आता बघ, आमच्या घरात तिथी कुणाला ठाऊक? आईला. वर्षभर आपण तिला विचारतो काय, तर एकादशी कधी, चतुर्थी कधी, तेही फराळापुरतं. इथे सकाळी उठल्यापासून पोरं तिच्या खाटेभोवती. ‘आजी, आज किती?’ ‘वद्य पंचमी.’ की वाळूत काडीने गुणाकार. जेवण कधी, झोप कधी, पाण्यात कधी, सगळं आईच्या तोंडून ठरायला लागलं. माझी यादी खिशात घामाने भिजून गेली.

आम्ही पोचलो तो दिवस संकष्टीचा. आईचा उपास, चंद्रोदय साडेदहा उलटून. म्हटलं, खोलीत बसण्यापेक्षा किनाऱ्यावरच थांबू. चटई टाकली, मोदक वहिनीने घरूनच करून आणलेले, आणि आठही जण समुद्राकडे तोंड करून चंद्राची वाट बघत बसलो. पाणी लांब गेलेलं, नुसता आवाज येत होता. पावणेअकरा झाले, चंद्र नाही. दादा म्हणाला ढग असतील. तेवढ्यात पुतणी म्हणाली, ‘काका, आपल्या सावल्या कशा पडल्या?’ वळून बघतो तर चंद्र आमच्या पाठीमागे, ताडांच्या वर आलेला! पश्चिमेच्या समुद्रावर चंद्रोदय शोधणारे आम्ही शिकलेले सात आणि आठवी आई. ती मात्र म्हणाली, ‘मला वाटलं तुम्हाला माहिती असेल.’

चपलांची गोष्ट तुला दादाकडून कळायच्या आत मीच सांगतो. तिसऱ्या दिवशी षष्ठी. हिशेबाने साडेचार. मी डोक्यात उलटं धरलं की साडेचारला पूर्ण ओहोटी. पावणेचारला गेलो, पाणी शंभरेक पावलं लांब होतं. मी सगळ्यांच्या चपला काढायला लावल्या, देवळाबाहेर ठेवतात तशा ओळीने मांडल्या, आणि म्हटलं चला, गुजरातच्या दिशेने फिरून येऊ. आई म्हणाली, ‘अरे, साडेचारला भरती म्हणाले होते ना ते?’ मी म्हटलं, आई, तू चल. परत आलो तेव्हा ओळ होती तिथे गुडघाभर पाणी. एक चप्पल, उजवी, माझीच, लाटेवर डुलत होती. ती धरायला धावलो तर तीही गेली. सात जोड, बंड्या! आठवा आईच्या पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. तिने काढला, झटकला, घातला आणि पुढे चालायला लागली. एक शब्द बोलली नाही. मागे तापल्या डांबरावर आम्ही सात जण उड्या मारत.

त्याच्या दुसऱ्या दिवशी नव्या चपला घालून जवळच्या कोसबाडला गेलो, हिच्या हट्टापायी. तुला माहितीये, ही बालवाडीत शिकवते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीतच ग्राम बाल शिक्षा केंद्राचं काम सुरू केलं, 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, गुरं राखायला जातात तर कुरणात न्यायची. ही तिथे एका झाडाखाली बराच वेळ उभी होती. परतताना म्हणाली, ‘आपण पोरांना ओरडून बोलावतो. ह्या बाया चालत गेल्या.’ मी काही बोललो नाही. पाय पोळलेले होते.

बाकी काय केलं? तडगोळे खाल्ले. वरचं साल नखाने अलगद काढायचं, जोर दिला की आतलं पाणी थेट डोळ्यात. थोरलीने एकोणीस खाल्ले आणि रात्री जेवली नाही. बांबूंवर बोंबील वाळत घालणाऱ्या एका मांगेली मावशींशी वहिनीची गट्टी जमली. 1 जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, म्हणून त्यांची घाई. डहाणूजवळ होऊ घातलेल्या बंदराविरुद्ध भिंतीवर ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’ लिहिलेलं होतं. आपल्या मुलांनी वाचलं, अर्थ विचारला. मावशींनी सांगितला तो असा, ‘तू ज्या वाळूत घर केलंस ना, तसंच माझं आहे.’ एवढ्यावर मी काय बोलणार. मी बोंबील घेतले, आईला न सांगता, दादाच्या डिकीत. जव्हारपर्यंत तिला कळलं होतं.

तर हे केलं. लिहायला बसलो तर एवढं झालं, तिथे असताना मात्र काहीच करत नाही असं वाटायचं. एका दुपारी दादा आणि मी खाटेवर पडून होतो. बाबा गेल्यापासून घराच्या वाटणीचं बोलणं आमच्यात अडलेलं, तुला ठाऊकच आहे. त्या दुपारीही काढलं नाही कुणी. पण झोपेत त्याचा हात माझ्या पोटावर पडला तो मी बाजूला केला नाही, आणि जाग आल्यावर त्यानेही लगेच काढला नाही. दिवाळीनंतर बसू म्हणाला. मी हो म्हटलं.

घरी आलो तर कुरडया कडकडीत वाळलेल्या, काकूंनी डब्यात भरूनही ठेवलेल्या. आईचा थोडा विरसच झाला.

नोव्हेंबरात पुन्हा जायचं ठरतंय. या वेळी तू सहकुटुंब ये, सबबी नकोत. तारीख मी नाही काढणार, आई काढेल. वहिनींना नमस्कार, छोटीला पापा.

तुझा,
पम्या

ता. क. बोर्डीच्या बाजारात सात जोड घेतले त्यातले दोन कुणाच्याच पायाला होत नाहीत. आईने विचारलंय, तुझा नंबर नऊच ना?